पोच घेतलीस का?

कंडक्टरीणबाई मेंबर झाल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आता यांच्या घरात दोन पगार येणार. बीडमध्ये नगरसेवकाला आजही मेंबरच म्हणतात, आणि मेंबरला पगार नसतो हे तेव्हा फार जणांना ठाऊक नव्हतं. मावशींनी ते पहिल्याच आठवड्यात ओट्यावर बसून सांगून टाकलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन म्हणाले, बाई हुशार आहे, आतापासूनच लपवायला लागली.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. पेठ बीडमध्ये, बिंदुसरा नदीच्या पूर्वेला, आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. काका एसटीत कंडक्टर, म्हणून त्या कंडक्टरीणबाई. शिक्षण सातवीपर्यंत, घरात शिवणयंत्र, गल्लीतल्या बायकांची पोलकी त्या शिवायच्या. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी सुटला. पुढाऱ्यांना सही करणारी बाई हवी होती. बाई निवडून आली की कारभार नवरा बघतो, हा सगळीकडचा रिवाज. आमच्या पुढाऱ्यांनी त्याच्याही पुढचा विचार केला. काका महामंडळाच्या नोकरीत, त्यांना राजकारणात पडता येणार नाही. म्हणजे बाईही आपली आणि कारभारही आपलाच. हिशेब चोख होता. बाईला तेवढं त्यात धरलेलं नव्हतं.

आज मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. आईवडिलांचं, शिक्षकांचं ऋण सगळेच मानतात, मीही मानते. पण अर्ज कसा लिहायचा, आकडे कसे गोळा करायचे, साहेबासमोर उभं राहून नेमकं काय मागायचं, हे मला ज्या बाईनं शिकवलं तिच्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी लिहायला परवानगी दिली. “माझं नाव वाचून कुणाची नाली उपसणार आहे का?” असं वर ऐकवलं.

बिंदुसरा एरवी नदी वाटतच नाही. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण १९८९ च्या जुलैत तिनं बीडला जे दाखवलं ते बघितलेल्या माणसाला पुढं कधी आभाळ भरून आलं की झोप लागली नाही. रात्रीतून पाणी चढलं, माणसं गेली, काठावरची घरं गेली. मी तेव्हा लहान होते. आईनं मला कडेवर आणि धाकट्याला पाठीशी घेतलेलं एवढंच नीट आठवतं. सांगायचा मुद्दा असा, की पेठेतल्या माणसाला पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे घराच्या रंगापेक्षा जास्त महत्त्वाचं. आमच्या गल्लीत मात्र पाण्याला जायला वाटच उरली नव्हती, कारण रस्ता दरवेळी वर चढत होता.

हा रोग काही एकट्या बीडचा नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात जा, रस्त्यावर रस्ता चढलेला दिसेल. आधी मुरूम, मग खडी, मग डांबर, मग डांबरावर डांबर, शेवटी सिमेंट. खालचं कुणी खोदत नाही, कारण खोदायला पैसे लागतात आणि खोदलेलं उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. रस्ता बोटा-बोटानं वर येतो आणि घरं तेवढीच खाली जातात. आमच्या घराला आधी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं. मी सातवीत असेपर्यंत एकच उरली होती. पलीकडच्या आजींच्या घरात तर पायरी उतरून जावं लागे, आणि पावसात रस्त्याचं पाणी त्यांच्या चुलीपर्यंत.

मावशींच्या कारकिर्दीत गल्लीसाठी सिमेंट रस्ता मंजूर झाला. गुत्तेदार आला, चुना टाकून गेला. त्या संध्याकाळी मावशी आमच्या दारात. माझे वडील गवंडी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पेठ त्यांना मिस्त्री म्हणायची.

“मिस्त्री, तुमची ती पाण्याची नळी द्या बरं.”

“कामून हो वहिनी?”

“रस्ता मोजायचाय.”

गवंड्याकडची लेव्हलची नळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढी जाड, काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची लांब नळी असते. तिच्यात पाणी भरायचं, मधे हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिलाच तर नळी झटकून झटकून तो टोकाला आणून काढायचा, नाहीतर सगळं माप खोटं. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, दोघांनी टोकांवर अंगठे दाबून चालायचं आणि जागेवर पोचलं की अंगठे सोडायचे. पाणी हलतं, वरखाली होतं आणि थांबतं. थांबलं की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत. तिथं भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची आणि खुणेपासून खाली टेपनं मोजायचं. एवढ्यानं कुठला ओटा किती वर, कुठला किती खाली, कळतं. यंत्र नाही, वीज नाही.

एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला पदर खोचलेल्या मावशी, मधे टेप आणि वही घेऊन मी. गल्लीतली पोरं मागं मागं. घराघरापुढं खूण झाली. अण्णांना त्या दिवशी काय चेव चढला होता कुणास ठाऊक, मोजता मोजता खजाना बावडीच्या गोष्टी सांगायला लागले. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला ही बावडी आहे. निजामशाहीत सलाबतखानाच्या काळात राजा भास्करानं ती बांधली असं सांगतात. जमिनीखालून काढलेल्या कालव्यांतून, नुसत्या उतारावर, तिचं पाणी शेतांपर्यंत जातं. “चारशे वर्षांमागं या माणसानं एवढ्या लांबवर उतार साधला,” अण्णा म्हणाले, “अन् आपल्याला एका गल्लीचं पाणी नदीत घालता येईना.” हे बोलणं मावशींनी लक्षात ठेवलं आणि पुढं पालिकेच्या सभेत जसंच्या तसं ऐकवलं, असं काकांकडून कळलं.

वहीतले आकडे घेऊन त्या अभियंत्याकडे गेल्या. गुत्तेदाराचं म्हणणं सरळ होतं: बाई, अंदाजपत्रकात खोदाई धरलेली नाही, मी का करू? अभियंता भला माणूस होता. त्यानं अंदाजपत्रक काढून दाखवलं, खोदाई खरंच धरलेली नव्हती. धरायची तर सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मंजुरी, आणि पैसा तेवढाच. म्हणजे रस्त्याची लांबी कमी होणार. गल्लीच्या शेवटाकडच्या घरांना या खेपेला सिमेंट मिळणार नाही.

आणि शेवटाकडच्या घरांत मावशींच्या नणंदेचं घर होतं.

आठवडाभर त्यांच्या ओट्यावर भांडण चाललं. लोक म्हणाले, आहे तसा होऊ दे की, निदान सगळ्यांना मिळेल. मावशींचं उत्तर एकच: “सगळ्यांना मिळेल ते सगळ्यांच्या घरात पाणी मिळेल.” त्यांनी जुने थर खोदायला लावले. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर भरून डांबराची ढेकळं गल्लीतून गेली आणि आमची गाडलेली पायरी पुन्हा वर आली. नाली नदीकडं उतरती झाली. रस्ता दोन तृतीयांश गल्लीपुरता झाला आणि तिथं थांबला. उरलेली घरं पुढच्या निधीत झाली, तोवर नणंद बोलत नव्हती. मला विचाराल तर मावशींचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याचं कौतुक गल्लीत सगळ्यात कमी झालं. पाणी घरात आलं की माणूस मेंबरला शिव्या देतो. आलं नाही तर त्याला वाटतं यंदा पाऊसच बेताचा होता.

एसटीचं प्रकरण मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

आमची आई केजच्या रस्त्यावरच्या एका गावात दवाखान्यात आया होती. सकाळी जायला अडचण नसे, स्टँडवर जाऊन गाडीत बसायचं. अडचण होती परतीची. गाडी बार्शी नाक्यावरून, म्हणजे आमच्या घराच्या अंगावरूनच जायची, पण नाक्यावर थांबा नव्हता. एखादा ड्रायव्हर ओळखीचा निघाला तर वेग कमी करायचा. नाहीतर पूल ओलांडून स्टँडपर्यंत जायचं आणि तेवढंच अंतर पायी उलट यायचं. हिवाळ्यात सहालाच अंधार. पेठेतल्या कितीतरी बाया, शिक्षिका, नर्सा, रोजंदारीवाल्या, रोज असंच करायच्या. सकाळी नाक्यावरूनच जाणारे लोक गाडीची वाट न बघता काळी-पिवळी जीप धरायचे. आत कोंबून, मागं लटकून.

एसटीवर मेंबरची काडीची सत्ता नसते. महामंडळ राज्याचं, त्याचा कायदा १९५० चा, त्याचा विभाग नियंत्रक पालिकेला बांधील नाही. गल्लीतल्या शहाण्यांनी मावशींना हेच सांगितलं. मावशींनी काकांना विचारलं. काका फारसे बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी जेवता जेवता म्हणालेलं वाक्य मी आजही नव्या कारकुनांना सांगते: “साहेबाला गैरसोय सांगू नकोस. भारमान सांग.”

गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, ते भारमान. एसटीचा अख्खा कारभार त्यावर चालतो. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, गाडी वाढवायची की काढून घ्यायची, सगळं भारमान बघून. काकांनी आणखी एक गोष्ट समजावली. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं. नाक्यावरून चढलेल्या माणसाला बहुधा स्टँडइतकंच तिकीट पडतं. म्हणजे थांबा दिल्यानं महामंडळाचा तोटा नाही. तोटा होतोय तो आता, कारण नाक्यावरचे प्रवासी जीपवाले उचलतायत. आणि मागायचं ते मोठ्या थांब्याचं नाव काढून नाही. साध्या गाड्यांसाठी विनंती थांबा मागायचा. माणूस असला तर गाडी थांबेल, नसला तर पुढं जाईल.

मग माझी आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघींची नेमणूक झाली. नाक्यावर पंक्चरच्या दुकानाशेजारी एक लिंबाचं झाड होतं. त्याखाली वही घेऊन पाळीपाळीनं बसायचं. रकाने मावशींनी आखून दिले: वेळ, गाडी कुठून कुठं, थांबली की नाही, किती चढले, किती उतरले, आणि शेवटच्या रकान्यात तेवढ्या वेळात जीपनं किती गेले. पंक्चरवाले चाचा आमच्यापेक्षा चोख, आमचं लक्ष चुकलं की “वो केज की गयी, लिखा क्या?” म्हणून ओरडायचे. सुरुवातीला पोरांनी टिंगल केली. मग त्यांच्यातलेच दोघे संध्याकाळची पाळी करायला लागले, कारण अंधार पडल्यावर आम्हाला घरी जावं लागे.

वही भरल्यावर अर्ज. मावशी सांगणार, मी लिहिणार. मी शाळेत शिकल्याप्रमाणं सुरुवात केली, “आपणांस नम्र विनंती”, आणि शेवटी लिहिलं की आम्हा गरिबांवर दया करावी. मावशींनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “दया कशाची मागतीस गं? तिकीट काढून जाणार आहोत आपण.” ती ओळ खोडली. अर्ज एका पानात बसवायचा, दुसरं पान साहेब उलटत नाही. पहिल्या ओळीत काय पाहिजे ते, दुसरीत का, तिसरीत आकडे, खाली तक्ता जोडला आहे असा उल्लेख. सह्या शंभर असल्या तरी चालतात, पण प्रत्येकीसमोर ती कुठून कुठं जाते ते लिहायचं. नुसती सही म्हणजे गर्दी.

आणि दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. हे त्यांचं जणू व्रत होतं. कुठल्याही कचेरीत “ठेवून जा बाई, बघतो” असं कुणी म्हणालं की त्या बाकावर बसून घ्यायच्या. भांडायच्या नाहीत. पिशवीतून काजं करायचं पोलकं काढायच्या आणि हातानं काजं करत बसायच्या. शिक्का बसेपर्यंत दोन-तीन पोलकी होऊन जायची. घरी आल्यावर मला पहिला प्रश्न, “पोच घेतलीस का?” नसेल घेतली तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं आणि उद्या परत जायचं.

पुढच्या पावसाळ्याआधी पत्र आलं. साध्या गाड्यांना नाक्यावर विनंती थांबा मंजूर, जलद गाड्यांना नाही. मावशींनी जलदचा आग्रह धरला नाही, “लांबच्या माणसाला आपल्यासाठी कामून थांबवायचं?” म्हणाल्या. थांबा एसटीनं दिला, पण तिथं रात्री मिट्ट काळोख. तो भाग मात्र त्यांच्या अखत्यारीतला होता. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाच्या ४९ व्या कलमात रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक काम सांगितलंय. मावशींनी ते कलम एका वकिलाकडून वाचून घेतलं होतं आणि सभेत त्याचा आकडा तोंडपाठ म्हणायच्या. थांब्याच्या डोक्यावर दिव्याचा खांब आला. आई त्या दिव्याखाली उतरायला लागली.

पुढं मी बी.ए. केलं, जिल्हा परिषदेची कनिष्ठ सहायकाची परीक्षा दिली, लागले, आणि बरीच वर्षं त्याच थांब्यावरून केजकडं जाऊन नोकरी केली. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा नाक्यावर नुसत्या जीपा होत्या. २०२३ च्या मार्चात बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याच नाक्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मी माझ्या टेबलावर आलेल्या कुठल्याही माणसाला, मग त्याचा अर्ज चुकीच्या कचेरीतला का असेना, आधी पोच देते आणि मग कुठं जायचं ते सांगते. सहकारी हसतात. हसू देत.

मावशींची मेंबरकी एकाच मुदतीची. पुढच्या निवडणुकीला सोडत फिरली, वॉर्ड दुसऱ्या प्रवर्गाला गेला, विषय संपला. शेवटाकडच्या घरांनी मतं दिली असती की नाही हे कळायची वेळच आली नाही. या फिरत्या आरक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बायकांना जागा मिळाल्या, २०११ पासून त्या निम्म्या झाल्या, हे उत्तमच झालं. त्याशिवाय मावशींना पालिकेची पायरी कुणी चढू दिली नसती. पण अंदाजपत्रक वाचता येऊ लागायला दोन-तीन वर्षं जातात, आणि ते येऊ लागलं की वॉर्ड बदलतो. ज्याला पुन्हा त्याच लोकांपुढं जायचं नाही त्यानं नाली कशासाठी उतरती करावी? पुढाऱ्यांना मात्र हे सोयीचं पडतं, दर पाच वर्षांनी नवी सही. आणि नंतर तर मेंबरच उरले नाहीत. २०१६ नंतरची निवडणूक एकदम २०२५ च्या डिसेंबरात झाली. मधली चारेक वर्षं राज्यभर पालिकांत प्रशासक. प्रशासक वाईट असतो असं नाही, मी स्वतः सरकारी माणूस आहे. पण त्याच्या ओट्यावर जाऊन कुणी बसू शकत नाही.

मधल्या काळात बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आमच्या पिढीचं तारुण्य त्या बातम्या वाचण्यात गेलं. आष्टीपर्यंत गाडी २०२२ च्या सप्टेंबरात धावली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडहून सुटली. शेजारच्या नगर आणि पुण्यादरम्यान १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी धावली तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. आमच्याकडं सगळंच जरा उशिरा येतं. गाडी बघायला पेठेतले लोक पोराबाळांसकट गेले. मावशींनाही मी घेऊन गेले. त्यांनी इंजिन पाहिलं, डबे पाहिले, बाहेर येऊन रिक्षावाल्याला भाडं विचारलं आणि मला म्हणाल्या, “रेल्वेच्या तिकिटाएवढं तर इथून घरी जायलाच लागायलंय. हितनं एसटी कामून नाही सोडली?”

डिसेंबरात निवडून आलेल्या पेठेतल्या मेंबरांना माझं एवढंच सांगणं आहे. सत्कार उरकले असतील तर स्टेशनवर दोन पोरं वही देऊन बसवा. गाडीतून किती उतरतात, कुठल्या भागात जातात, रिक्षाला किती देतात, ते महिनाभर लिहून काढा आणि स्टेशन ते स्टँड, बार्शी नाकामार्गे, एसटीच्या फेऱ्या मागा. रकाने कसे आखायचे ते मावशी सांगतील, त्यांचं डोकं अजून शाबूत आहे. अर्ज मी लिहून देते, एका पानात. तो घेऊन जायचं आणि पोच आणायची, हे काम तेवढं तुमचं.